अक्काला दिसलेल्या चुका

मी वीजराजच्या चित्रकथेचा अंक बोलतोय. पूर्ण नाव ‘वीजराज आणि ढगांचा चोर’. नाव ओळखीचं वाटलं नाही, तरी माझी तक्रार नाही. मी कधी फार खपलो नाही. ज्यांनी मला काढलं, त्यांनी माझ्यामागून दोन-चार अंक काढले आणि मग ते लग्नपत्रिका छापायला लागले.

सध्या माझा मुक्काम कर्नाटकात, कलबुर्गीकडच्या मादन हिप्परग्यात, बसथांब्याजवळच्या एका लहानशा दुकानात आहे. साबणाच्या वड्या, बिस्किटाचे पुडे, मोबाईलचं रिचार्ज, असलं दुकान. गल्ल्याखालच्या ड्रॉवरमध्ये मी असतो. माझं मुखपृष्ठ गेलंय, पाठीचा दोरा सुटलाय, आणि शेवटची काही पानं वाळवीनं खाल्लीत. त्या पानांबद्दल पुढं सांगतो.

माझा जन्म एका गल्लीतल्या छापखान्यात झाला. माझी चित्रं दोन माणसांनी काढली. पहिला चित्रकार मध्येच काम सोडून गेला आणि उरलेली पानं दुसऱ्यानं पुरी केली. त्यामुळं माझा वीजराज अर्ध्या अंकापर्यंत बिनमिशांचा आहे, आणि एक भिंत फोडून पलीकडं जातो तो एकदम झुपकेदार मिशा घेऊनच. त्याच्या पाठीवरचं उडायचं कापड आधी लाल आहे, मग एका पानावर हिरवं, आणि एका पानावर नाहीच. एका चौकटीत त्याचे दोन्ही हात डावे आहेत.

गोष्ट अशी, की प्रोफेसर भस्मे नावाचा एक दुष्ट माणूस आभाळातले ढग चोरून पत्र्याच्या पेट्यांत कोंडतो आणि वीजराज ते सोडवतो. हा वीजराज एरवी पोस्टात कारकून असतो. चष्मा काढला की शेजारच्या टेबलावरचा माणूसही त्याला ओळखत नाही. तो एका हातानं डोंगर उचलतो, पण ढगांच्या पेटीला लावलेलं बोटाएवढं कुलूप त्याच्यानं तुटत नाही. डोंगर खाली ठेवून तो दोन पानं किल्ली शोधत हिंडतो. भिंत फोडताना तो मोठ्यानं सांगतो, ‘मी आता ही भिंत फोडत आहे.’ भस्मे त्याला दोरानं बांधून आपला सगळा बेत पहिल्यापासून समजावून सांगतो, काही राहिलं तर नाही ना म्हणून पुन्हा विचारतो.

छापायच्या अक्षरांचे खिळे जुळवणाऱ्यानंही हात साफ करून घेतला होता. ‘शत्रूवर हल्ला करा’ याऐवजी माझ्यात ‘शत्रूवर हलवा करा’ असं छापलंय. एका पानावर तर तोंडापुढच्या ओळींची अदलाबदल झालीय. कड्यावर लोंबकळणारी मुलगी ओरडतेय, ‘मूर्खा, तुझा शेवट जवळ आला’, आणि वर मोठा सुरा घेऊन उभा असलेला भस्मे म्हणतोय, ‘वाचवा, मला कुणीतरी वाचवा.’

असा मी, चुकांचा पुंजका. माझी लाज वाटावी अशीच माझी घडण होती. पण मला ज्यांनी वाचलं त्यांनी माझी लाज कधी काढली नाही.

राघोबांनी मला कलबुर्गीच्या बसस्टँडवरून घेतलं. ते तुरी विकायला अडतीवर आले होते. घरी लेक तापानं पडली होती, तिला काहीतरी न्यावं म्हणून त्यांनी मला उचललं. त्यांना वाचता येत नव्हतं. वरचं चित्र बघून त्यांना मी देवाचं पुस्तक वाटलो.

लेकीचं नाव शिवकन्या. तिच्यापाठचा व्यंकट. दोघं कन्नड शाळेत जायची. घरात मराठी बोलायची, पण मराठी वाचायची वेळ त्यांच्यावर कधी आली नव्हती. शिवकन्येनं हिंदीच्या पुस्तकातली अक्षरं आठवून आठवून मला वाचलं. ‘हलवा करा’पाशी आली आणि थांबली.

“व्यंकट, हे बघ रे. शत्रूला हलवा करून घालायलाय ह्यो.”

ताप अंगात असताना ती पोरगी इतकी हसली, की तिची आई नागूबाई चूल सोडून आत आल्या. “काय झालंय ग तुला? कामून हसायलीस?”

त्या दिवसापासून दोघांचा खेळ सुरू झाला. माझ्यातली चूक जो आधी धरील तो जिंकला. मिशा शिवकन्येनं धरल्या. दोन डावे हात व्यंकटनं धरले. किल्लीचं दोघांना एकदमच दिसलं आणि त्यावरून भांडण झालं. शाळेतून आली की दोघं मला मध्ये घेऊन पालथी पडायची. डोकी एकमेकांवर आपटायची. सगळ्या चुका सापडल्या, तरी खेळ संपला नाही. सापडलेल्या चुका पुन्हा शोधायच्या.

पुढं व्यंकटचं पडणं-धडपडणं वाढलं. दिवेलागण झाली की तो दाराच्या चौकटीवर आदळायचा, ताटातल्या वाटीला पाय लावायचा. नागूबाई म्हणायच्या, पोरगं वेंधळं आहे. मला मात्र दुसरंच दिसत होतं. पूर्वी तो माझं आख्खं पान एका नजरेत घ्यायचा. आता तो एकेक चौकट बघत होता. मधल्या चौकटीतला भस्मे त्याला दिसायचा, पण शेजारच्या चौकटीत उभा असलेला वीजराज दिसायचा नाही. त्यासाठी त्याला मान वळवावी लागायची.

डोळ्यांच्या मोठ्या डॉक्टरांकडं नेलं, तेव्हा त्यानं मला सोबत घेतलं होतं. डॉक्टरांनी सांगितलं, नजर चहूबाजूंनी आखडत येईल, बांबूच्या नळीतून बघितल्यागत होईल, आणि एक दिवस तीही नळी बंद होईल. यावर औषध नाही. मग त्यांनी विचारलं, “तुमचं लग्न नात्यात झालंय का?”

“सख्ख्या मामाशीच झालंय,” नागूबाई म्हणाल्या. “आमच्याकडं तसंच करत्यात.”

अशा लग्नात कधीकधी हे मुलांत उतरतं, एवढंच डॉक्टर म्हणाले. परतीच्या बसमध्ये नागूबाई खिडकीकडं तोंड करून बसल्या आणि राघोबा माझ्याकडं. मी त्यांच्या मांडीवर होतो. त्यांनी माझं एकही पान उलटलं नाही.

शिवकन्येला काही वर्षांनी भीमण्णानं मागणी घातली. भीमण्णा म्हणजे नागूबाईंचा धाकटा भाऊ, शिवकन्येचा सख्खा मामा. घर तिथंच, गल्लीच्या टोकाला. माणूस कामाचा, मनानं चांगला. सगळं गाव हे लग्न झालंच म्हणून धरून चाललं होतं. शिवकन्येलाही काही वावगं वाटत नव्हतं. भावाजवळ राहता येणार होतं.

नागूबाईंनी नकार दिला. भीमण्णा ओसरीवर बसून विचारत राहिला, “अक्का, माझ्यात काय कमी हाय, तेवढं सांग.”

“तुझ्यात काही कमी न्हाई,” नागूबाई म्हणाल्या. “माझ्या एका लेकराचे डोळे गेले. लेकीच्या लेकरांचे जाऊ देणार न्हाई मी.”

भीमण्णा उठून गेला. पुन्हा तो त्या घरी आला नाही. बहिणीच्या मयतालाच आला. आणि शिवकन्येला दिलं कुठं, तर पार बिदरकडं कमठाण्याला, नात्यागोत्यात नसलेल्या घरात.

लग्नाआधीच्या त्या दिवसांत एकदा दोघं मला घेऊन बसली होती. व्यंकटची नळी आता पेन्सिलीएवढी उरली होती. शिवकन्या बोटानं दाखवत सांगत होती आणि तो मान डोलवत होता. सगळं ठरलेलं सांगून झालं. तिला उठवेना. मग ती एकदम म्हणाली, “आरं, हितं लिंगम्मा हाय की.”

लिंगम्मा त्यांची शेजारीण. मी चकित झालो. माझ्यात लिंगम्मा कुठून असणार?

“कुठं?” व्यंकटनं विचारलं.

“ह्या कोपऱ्यात. घागर घेऊन उभारलीय. वीजराज आभाळात उडायलाय, आन लिंगम्मा ढगावर उभारून त्याला पाणी मागायलीय.”

व्यंकटचं बोट त्या कोपऱ्यावर आलं. तिथं नुसतं निळं आभाळ होतं. बोट जरासं थांबलं. मग तो हसला. “व्हय की. आपण बघितलंच न्हाई.”

जाताना तिनं मला नेलं नाही. “तुझ्यापाशी असू दे,” म्हणाली.

“मला काय दिसतंय त्यात आता?”

“मी सांगीन की फोनवर.”

आणि खरंच तसं झालं. आंधळ्या-पांगळ्यांना टेलिफोनचं बूथ मिळायचं, ते व्यंकटला मिळालं. हेच दुकान ते. काचेची खोली, आत फोन, बाहेर बाकडं. गावातल्या माणसांचे नंबर त्याला बोटांनी पाठ झाले. नजर पुरती गेली होती, पण फोन कानाला लागला की त्याचा चेहरा डोळसासारखा व्हायचा.

दुपारी गिऱ्हाईक नसायचं, तेव्हा कमठाण्याहून शिवकन्येचा फोन यायचा. आधी घरचं, शेताचं, दाजींचं, बाळाचं. मग ती म्हणायची, “काढ.” व्यंकट ड्रॉवर उघडून मला बाहेर काढायचा. तिच्याकडं अंक नव्हता, त्याच्याकडं डोळे नव्हते. ती आठवणीनं सांगायची, तो पान उलटायचा. कित्येकदा मी उलटाच धरलेला असायचा. ती भस्मेच्या गुहेत असायची, तेव्हा त्याच्या बोटांखाली पोस्टाचं ऑफिस असायचं. मला सगळं कळत होतं आणि बोलता काही येत नव्हतं. खरं सांगायचं, तर बोलावंसंही वाटत नव्हतं.

कारण ती दर वेळी नवी चूक सांगायची. म्हणे, एक शेळी पहिल्या पानापासून वीजराजच्या मागं लागलीय, ती त्याचं कापड खात चाललीय, म्हणून ते पुढं पुढं लहान होत जातं. म्हणे, भस्मेच्या एका पायात जोडा आहे आणि दुसऱ्या पायात बायकोची चप्पल. लिंगम्मा तर आता प्रत्येक पानावर होती, समुद्राच्या तळाशीसुद्धा. व्यंकट फोनमध्ये हसायचा. बाकड्यावर बसची वाट बघणारी माणसं काचेतून बघायची.

एकदा तो म्हणाला, “अक्का, शेवटची पानं वाळवीनं खाल्ली ग. हाताला लागंनात.”

“जाऊ दे. मला पाठ हायत,” ती म्हणाली, आणि तिनं शेवट सांगितला. वीजराज सगळ्या पेट्या उघडतो, ढग भुर्रकन उडून जातात. एका पेटीत मात्र ढगाचं एक पिल्लू तसंच बसून असतं. त्याला जायचं नसतं. वीजराज त्याला खांद्यावर घेऊन घरी जातो आणि बायकोला सांगतो, ह्याला अंथरुणात घेऊ नको, ओलं करतंय.

हा शेवट तिनं पुढं कितीतरी वेळा सांगितला. शेवटात मात्र तिनं कधी काही बदललं नाही.

मोबाईल आले आणि बूथ बंद पडलं. काचा काढून व्यंकटनं दुकान टाकलं. राघोबा गेले, त्यांच्यामागून नागूबाई गेल्या. व्यंकटनं लग्न केलं नाही. लिंगम्मा दोन वेळची भाकरी आणून ठेवायची. फोन येत राहिला.

मग ते आजाराचं वर्ष आलं. गाड्या बंद, रस्ते बंद. कमठाण्याच्या घरात आधी दाजी आजारी पडले, शिवराज त्यांचं नाव, ते बरे झाले. मग शिवकन्या पडली. तिला बिदरच्या दवाखान्यात ठेवलं. आत कुणाला सोडत नव्हते. शिवराज फाटकाबाहेर झाडाखाली बसून असायचे. मोबाईल तेवढा तिच्या उशाशी होता.

दुपारची वेळ होती. दुकानाचं अर्धं शटर ओढलेलं. फोन वाजला.

“व्यंकट. काय करायलास?”

एवढं बोलायला तिला तीनदा थांबावं लागलं.

“बसलोय. तू जेवलीस?”

“जरा.” मग नुसता श्वास ऐकू येत राहिला, मागं कसलंतरी यंत्र. “काढ,” ती म्हणाली.

त्यानं मला काढलं. फोन कानाशी खांद्यानं दाबून धरला. ती सांगायला लागली, पण तिला शब्द जमेनात.

“अक्का, तू बोलू नको,” व्यंकट म्हणाला. “आज मी सांगतो. तू ऐक.”

त्यानं माझं पान उघडलं. ते पोस्टाचं होतं आणि उलटं होतं. “ही भस्मेची गुहा,” तो म्हणाला. “वीजराजला बांधून घातलंय. भस्मे आपला बेत सांगायलाय. आन त्याच्या मागं भिंतीवर पाटी हाय बघ, हितं थुंकू नये. आन भस्मे पान खाऊन त्या पाटीवरच थुंकायलाय.”

“हे कुठं हाय?” तिनं हळू विचारलं. “हे न्हाई त्यात.”

“हाय की. लिंगम्माच्या मागंच.”

व्यंकटनं फोन कानाशी घट्ट धरला. मग श्वासांच्या मधून तिचा आवाज आला. “तुला ठाव होतं?”

“पहिल्यापासनं.”

“मग बोलला कामून न्हाईस?”

“बोललो असतो, तर तू थांबली असतीस.”

ती हसली. हसण्याचा खोकला झाला, तो लवकर थांबेना. कुणीतरी बाई कन्नडमध्ये तिला फोन ठेवा म्हणाली. खोकला थांबल्यावर ती म्हणाली, “पुढचं उद्या सांग.”

“सांगतो,” व्यंकट म्हणाला.

दुसऱ्या दिवशी फोन आला तो शिवराजांचा. त्यांना धड बोलता येत नव्हतं. लांबून तोंड दाखवलं, म्हणाले, आणि दवाखान्याच्या माणसांनीच सगळं केलं. व्यंकटला तिथं जाणं शक्य नव्हतं. लिंगम्मा येऊन त्याच्याशेजारी खाली बसली. गल्लीच्या टोकावरून भीमण्णाही आला, तोंडाला पंचा बांधून शटरबाहेर उभा राहिला. मी गल्ल्यावर उघडाच पडलो होतो. व्यंकटनं चाचपून मला मिटलं आणि आत लोटलं.

त्यानंतर ड्रॉवर कधीतरी उघडायचा, तो सुट्ट्या पैशांसाठी. मला त्याचा हात लागायचा, पण तो मला उचलायचा नाही.

आता शिवकन्येची लेक हर्षिता कडगंचीला विद्यापीठात शिकायला आली आहे. डोळे ठणठणीत आहेत तिचे. ती रविवारी मामाकडं येते, दुकान झाडते, भाजी करून ठेवते. एकदा पेन शोधताना तिनं ड्रॉवर उपसला.

“मामा, हे काय हाय?”

तिच्या हातातल्या पानांचा आवाज व्यंकटनं ओळखला. “तुझ्या आईचं हाय ते.”

“आईनं मला ह्याचं कधीच सांगितलं न्हाई.”

अक्कानं हे सगळं त्याच्यापुरतं ठेवलं होतं, पोटच्या लेकीलाही दिलं नव्हतं. ते ऐकून त्याला बरं वाटलं की वाईट, हे मला त्याच्या चेहऱ्यावरून कळलं नाही.

“बस,” तो म्हणाला. “आता माझा गोंधळ व्हायलाय. कंचं छापलेलं, कंचं अक्काचं, मला सांगता येईना झालंय. मी सांगतो, तू त्यात बघ.”

असं आमचं नवं काम सुरू झालं. तो एकेक चूक सांगतो, ती माझी पानं चाळते. कापड खाणारी शेळी? “न्हाई मामा.” व्यंकटचा चेहरा उजळतो, ती अक्काची. बायकोची चप्पल? “न्हाई.” तीही अक्काची. पण कड्यावरची मुलगी सुरा धरलेल्या भस्मेला धमकावते, ते? “हाय मामा. हितं छापलंय.” त्यावर तो हळूच ‘बरं’ म्हणतो. ती चूक त्याला अक्काची वाटत होती. प्रत्येक ‘हाय’ला त्याच्या बहिणीचं थोडं माझ्याकडं जातं. मला ते नको असतं. आयुष्यभर माझ्या चुकांनी लोकांना हसवलं, आता त्याच चुका जास्त आहेत म्हणून मला वाईट वाटतं.

मागच्या रविवारी आम्ही शेवटापाशी आलो. ढगाच्या पिल्लाचं त्यानं सगळं सांगितलं. हर्षितानं मला पालथं-उताणं केलं. “पानंच न्हाईत मामा. कसं कळणार?”

व्यंकटनं हात पुढं केला आणि जिथं माझी पानं तुटलीत, त्या काठावरून बोट फिरवलं.

“मी शोधते,” ती म्हणाली. “जुने अंक गोळा करणारी माणसं असतात मोबाईलवर. कुणाकडं तरी असंल.”

“बघ,” तो म्हणाला. बोट मात्र त्यानं काढलं नाही.

त्या पानांवर काय होतं, ते मलाच आता आठवत नाही. पानं गेली, त्यांच्याबरोबर तेही गेलं. शिवकन्येच्या तोंडून तो शेवट मी इतक्यांदा ऐकलाय, की माझ्यात तोच छापलेला होता की काय, असं मलाही वाटतं. नसेलही. बहुतेक भस्मेला बेड्या पडल्या असतील आणि खाली ‘समाप्त’ लिहिलं असेल. ते ढगाचं पिल्लू ‘हाय मामा’ निघालं, तरी व्यंकटचं काहीतरी जाईल. आणि ‘न्हाई मामा’ निघालं, तर पुढच्या रविवारी त्या दोघांना शोधायला काही उरणार नाही.

म्हणून तुमच्याकडं माझं एक मागणं आहे. तुमच्या माळ्यावर, रद्दीत, एखाद्या जुन्या पेटीत माझा जोडीदार असेल, पुऱ्या पानांचा, तर त्याला खुशाल वाचा, हवं तेवढं हसा. पण हर्षिता नावाच्या मुलीचा फोन आला आणि तिनं विचारलं, तर तिला सांगा, असला अंक आम्ही कधी पाहिला नाही.